बीपी वाढलं की पहिला बळी चहाचा

डॉक्टरांनी बीपी जास्त आहे म्हणून सांगितलं की पहिली चर्चा गोळीची होत नाही, मिठाची तर नाहीच नाही. चर्चा चहाची. कप मोजले जातात, कुणीतरी ग्रीन टीचा डबा आणून ठेवतं आणि पेशंटला वाटतं, झालं आपलं पथ्य सुरू. मला हा प्रकारच पटत नाही.

चहाच्या विरोधात जे खरं आहे ते आधी मान्य करते. चहात कॅफीन असतं आणि कॅफीनने रक्तदाब चढतो. अर्ध्या तासात परिणाम दिसतो, तासा-दोन तासांत शिगेला पोचतो, मग उतरतो. पण कपभर काळ्या चहात कॅफीन साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम, तेवढ्याच कॉफीच्या जेमतेम निम्मं. शिवाय रोज पिणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय झालेली असते.

उलट बाजूचाही पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात ९५ जणांवर केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. काहींना सहा महिने रोज तीन कप काळा चहा दिला. बाकीच्यांना चवीला तसंच, कॅफीनही तेवढंच, पण चहा नसलेलं पेय. चोवीस तासांच्या मोजणीत चहावाल्यांचा रक्तदाब २ ते ३ मिमीने कमी निघाला. कॅफीन दोन्हीकडे सारखं ठेवलं, ही यातली खरी हुशारी. म्हणजे उतरलं ते चहातल्या फ्लेव्होनॉइड्समुळे, असं म्हणायला जागा आहे. ही द्रव्यं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करतात आणि वाहिन्या थोड्या सैलावतात. ग्रीन टीच्या बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या तरी आकडा २ मिमीच्याच आसपास येतो.

दोन मिमी! म्हणजे १५८ चे १५६. लाखो लोकांची सरासरी एवढी उतरली तर पक्षाघात कमी होतील, हे खरं. पण एकट्या माणसाचं बीपी नुसतं पाच मिनिटं गप्प बसल्यानेही याहून जास्त हलतं. एवढ्या भरवशावर गोळी बंद करणाऱ्याला काय म्हणावं?

चहा खरा घोळ घालतो तो मोजताना, आणि तिथे कुणाचं लक्ष नसतं. कप खाली ठेवला की लगेच दंडाला पट्टा. अहो, आधीचा किमान अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम काही नको. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर, तोंड बंद. (हे शेवटचं काहींना चहा सोडण्याहून अवघड.) यातलं काहीही न पाळता आलेल्या आकड्यावर लोक डोस वाढवून घेतात आणि वर चहालाच नावं ठेवतात.

ग्रीन टीवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. नॅडोलॉल नावाची बीपीची गोळी आहे. ग्रीन टीबरोबर ती रक्तात फारच कमी उतरते, हे तपासून पाहिलेलं आहे. गोळी कुठलीही असो, डॉक्टरांना एकदा विचारायला काय जातं?

आणि ‘हर्बल’ म्हणून जे खपतं त्यात पुष्कळदा ज्येष्ठमध असतो. तो नेमाने आणि जास्त पोटात गेला की शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी चढतं. साध्या चहाला घाबरून ज्यांनी हा काढा धरलाय, त्यांनी पाकीट उलटं करून घटकांची यादी आजच वाचावी.