‘पंच विकले गेलेत’ म्हणण्याआधी फाउल मोजून बघा

मार्च उजाडला, विद्यापीठांच्या संघांची राष्ट्रीय बाद स्पर्धा आली, की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या चाहत्यांमध्ये एकच तक्रार फिरायला लागते. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. ड्यूक आणि चॅपल हिल, बास्केटबॉलसाठी गाजलेली दोन्ही विद्यापीठं जवळ, त्यामुळे इथल्या मराठी घरांतही ती चहाबरोबर निघतेच. तक्रारीचा मसुदा साधारण असा: ‘पंच ठरवून मोठ्या विद्यापीठांना जिंकवतात. पुरावा हवा तर फ्री थ्रोचे (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांचे) आकडे बघा, शेवटच्या मिनिटाचे निर्णय बघा. टीव्हीला मोठी नावं हवी असतात म्हणून हे चालतं. आणि पंचांना जाब विचारणारं कुणी नाही, तेव्हा धडा आपणच शिकवायचा.’

यातला राग मला मनापासून पटतो. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्या चुकीमुळे खरा प्रश्न बाजूला पडतो.

फ्री थ्रोपासून सुरुवात करते, कारण त्याच आकड्यांनी मीही फसले होते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या छोट्या कॉलेजचा संघ एका नावाजलेल्या विद्यापीठात खेळायला गेला. आम्ही सगळे पाहुण्यांच्या कोपऱ्यात बसून घसा बसेपर्यंत ओरडलो. आमच्यावर १९ फाउल, त्यांच्यावर १३. घरी येताना गाडीत एकच विषय होता: आपल्याला लुटलं. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावलं आणि वही घेऊन बसले. सहाच्या फरकातले पाच फाउल शेवटच्या दीड मिनिटातले निघाले आणि ते आमच्याच मुलांनी मुद्दाम केलेले होते. पिछाडीवरचा संघ घड्याळ थांबवायला हेच करतो. पुरुषांच्या सामन्यात एका सत्रात संघाच्या दहाव्या फाउलपासून अशा प्रत्येक फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणजे त्या दीड मिनिटातच यजमानांना दहा फ्री थ्रो मिळाले, आणि त्यात पंचांचा काही हात नव्हता. शिवाय आमचा संघ लांबून तीन-तीन गुणांचे फटके मारत होता, त्यांचे उंच खेळाडू बास्केटखाली घुसत होते. जिथे अंगाला अंग लागतं तिथेच शिट्टी वाजते. नुसता फ्री थ्रोचा आकडा घेऊन कुणी काही सिद्ध करायला लागलं, तर आधी विचारा की दोन्ही संघ कसे खेळत होते.

पण त्याच वहीत आणखी एक नोंद आहे आणि ती मी लपवणार नाही. पहिल्या सत्रात दोन निर्णय सरळसरळ चुकले होते. आमच्या संघातला एक मुलगा पाय रोवून उभा होता, समोरचा खांदा घालून आत घुसला, आणि फाउल आमच्यावर. मी ते दृश्य मागेपुढे करून सात-आठ वेळा पाहिलं. दुसरा निर्णयही तसाच, आणि दोन्ही यजमानांच्या पथ्यावर पडलेले.

पंच झुकतात, हे मला मान्यच आहे. कुठे झुकतात, ते महत्त्वाचं. काइल अँडरसन आणि डेव्हिड पिअर्स या संशोधकांनी २००४-०५ च्या हंगामातले ३६५ कॉलेज सामने तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. शिट्टी पाहुण्या संघावर जास्त वाजते. ज्याचे फाउल कमी, त्याच्यावर पुढचा फाउल लागण्याची शक्यता जास्त. आघाडीवर असलेल्या संघावरही जास्त. या सगळ्या गोष्टी जुळून आल्या की पुढचा फाउल पाहुण्यांवर लागण्याची शक्यता ७० टक्क्यांपर्यंत जाते. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मनात लगेच यजमानांचे पंच येतात. इथे मात्र पंचांची नेमणूक यजमान विद्यापीठ करत नाही, ती परिषदेकडून, म्हणजे विद्यापीठांच्या गटाकडून होते, आणि एकच पंच अनेक परिषदांचे सामने करतो. लाच न घेता, कुणाचाही फोन न येता, हजारो लोकांच्या गोंगाटात उभा असलेला माणूस नकळत गर्दीच्या बाजूला कलतो. आणि एका बाजूला फार फाउल झालेत असं वाटलं की नकळत हिशेब जुळवायला लागतो.

हा हिशेब जुळवण्याचा प्रकार लक्षात आला की बऱ्याच जुन्या जखमा वेगळ्या दिसतात. २०१५ च्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनवर पहिल्या सत्रात फक्त २ फाउल लागले, दुसऱ्या सत्रात १३. ड्यूक ६८-६३ ने जिंकलं आणि ‘ड्यूकला सगळं मिळतं’ ही समजूत पक्की झाली. पण पहिल्या सत्रातल्या त्या दोन फाउलांबद्दल कुणी बोलत नाही. २०१७ च्या अंतिम सामन्यात तर दोन्ही बाजूंना बरोबर २२-२२ फाउल दिले गेले आणि दोन्हीकडचे चाहते चिडले.

आता शेवटच्या मिनिटाचे निर्णय. याचं सगळ्यात जास्त दाखवलं जाणारं उदाहरण म्हणजे ६ एप्रिल २०१९, व्हर्जिनिया विरुद्ध ऑबर्न, उपांत्य सामना. ऑबर्न ६२-६० ने पुढे, काही सेकंद उरलेले. व्हर्जिनियाचा टाय जेरोम चेंडू घेऊन पुढे येत असताना चेंडू त्याच्याच टाचेला लागून उडाला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा आपटत निघाला. हा डबल ड्रिबल. शिट्टी वाजायला हवी होती, चेंडू ऑबर्नकडे जायला हवा होता आणि सामना जवळपास तिथेच संपला असता. शिट्टी वाजली नाही. मग काइल गायने कोपऱ्यातून फटका मारला, बचाव करणारा त्याच्या अंगावर आला, फाउल मिळाला. घड्याळात ०.६ सेकंद. गायने तिन्ही फ्री थ्रो घातले आणि व्हर्जिनिया ६३-६२ ने जिंकलं. तो शेवटचा फाउल नियमाने बरोबर होता. त्याआधीची चूक अक्षम्य होती, आणि ऑबर्नच्या माणसाने ती आयुष्यभर विसरू नये. पण ती मॉनिटरवर तपासायची सोयच नियमात नव्हती. पंचांनी ती पाहिली नाही आणि नियमाने मागे वळून पाहू दिलं नाही.

हीच व्हर्जिनिया एक वर्ष आधी, २०१८ मध्ये, पहिल्या मानांकनावर असताना सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या कमी नावाच्या विद्यापीठाकडून ७४-५४ अशी हरली होती. पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच घडलं नव्हतं. पंच मोठ्या नावांना वाचवत असते, तर तिथे कुठे होते? २०२२ मध्ये छोट्या सेंट पीटर्सने बलाढ्य केंटकीला जादा वेळेत ८५-७९ ने घरी पाठवलं. २०२३ मध्ये तितक्याच छोट्या फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ ने. टीव्हीच्या सोयीसाठी कुणी स्पर्धा आखली असती, तर यातलं एकही नाव पुढे आलं नसतं.

सामने विकले गेलेच नाहीत असंही नाही. १९५१ चं न्यूयॉर्कचं प्रकरण, १९७८-७९ चं बॉस्टन कॉलेजचं प्रकरण, दोन्ही खरी. पण त्या प्रकरणांत अडकले ते खेळाडू. लोक ज्याचं उदाहरण देतात तो टिम डोनागी २००७ मध्ये सट्टेबाजीत सापडला, तो एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा पंच होता, आणि तिथे तपास झाला, शिक्षाही झाली. ‘विकले गेले’ हा फौजदारी आरोप आहे. तो आपल्या संघाच्या पराभवावरून करता येत नाही.

‘आपणच धडा शिकवायचा’ या वाक्याचा मात्र मला संताप येतो. २०१७ मध्ये केंटकी नॉर्थ कॅरोलायनाकडून ७५-७३ ने हरली. त्या सामन्यातले पंच जॉन हिगिन्स यांचा नेब्रास्कात छपरं बांधण्याचा व्यवसाय आहे. ज्यांनी त्यांच्याकडून कधी एक कौल बसवून घेतला नव्हता, त्यांनी त्या व्यवसायाच्या पानावर वाईट शेरे ओतले. धमक्यांचे फोन घरापर्यंत गेले. यातून एकही निर्णय सुधारला नाही.

आणि याच गदारोळात मागायला हवं ते राहून जातं. एनबीए २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा प्रत्येक निर्णय दुसऱ्या दिवशी जाहीर करते: हा बरोबर, हा चुकला. कॉलेजच्या परिषदाही पंचांचे सामने तपासून त्यांना गुण देतात, पण ते गुण आत राहतात. काही नावाजलेले पंच रोज वेगळ्या शहरात उतरून हंगामभर धावत असतात, त्यावर मर्यादा घाला असं कुणी ओरडत नाही. २०२५-२६ पासून पुरुषांच्या सामन्यांत प्रशिक्षकाला आव्हान देता येतं, पण चेंडू कुणाकडून बाहेर गेला, गोलटेंडिंग (बास्केटकडे खाली येणारा चेंडू मध्येच अडवणं) झालं का, अशा ठरावीक गोष्टींपुरतंच. समोरच्याने खांदा घातला असताना आमच्या मुलावर दिलेला तो फाउल आजही आव्हानाच्या बाहेरच आहे. ते रेकॉर्डिंग मी अजून ठेवलंय. परिषदेने त्या निर्णयाला काय गुण दिले, एवढंच मला वाचायचंय.