गिझर विझू नये म्हणून काही खात्रीचे उपाय

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहता, जानेवारी आहे, आणि गॅसचा गिझर टिकटिक करत पेटतो, जेमतेम एक तांब्या गरम पाणी देतो आणि गप्प बसतो. घाबरायचं कारण नाही. सगळं घरच्या घरी होतं.

आधी साबण लावू नका.

सेल बदलू नका. खालच्या डबीत दीड-दीड व्होल्टचे दोन जाडे सेल असतात, कधीतरी बाड्याच्या बाजारातून आणलेले. ठिणगी पडतेय म्हणजे सेल ठणठणीतच असणार! ठिणगीनंतर गॅसची झडप उघडी धरायलाही तेच सेल लागतात, असल्या बारकाव्यात शिरायचं नाही. फार तर काढून, पंच्यावर चोळून, पुन्हा घाला. टीव्हीच्या रिमोटनं एवढं तरी शिकवलंय.

तिघरा धरणाचं पाणी आलं नाही की बोअरिंगचं येतं, त्याचा पांढरा थर शॉवरच्या जाळीवर चढलाय? असू द्या. पाण्याचा जोर कमी झाला की आतला पडदा दबत नाही आणि गॅस तुटतो, पण जाळी धुवायला वेळ कुणाला आहे!

स्वयंपाकघरातल्याच सिलिंडरला टी-जोड लावून गिझर जोडा. चहाचं आधण चढलं की अंघोळ उतरते.

संपत आलेल्या सिलिंडरचा दाब थंडीत पडतो. तो आडवा करून हलवायची प्रथा घरोघरी आहेच.

एवढ्यानंही भागलं नाही तर मिस्तरी बोलवा. ‘बस निकल ही रहा हूँ’ म्हणत परवा सकाळचा निघालेला आमचा मिस्तरी दिवेलागणीला पोचला. झाकण उघडलं नाही, बर्नर पाहिला नाही. वर रोशनदानाकडे, म्हणजे हवेच्या झरोक्याकडे, बघून निदान केलं, ‘हवा लग रही है. पैक कर दो.’ आणि पिशवीतून पुठ्ठा न् खाकी टेप काढला, म्हणजे तयारीनिशीच आलेला. मग पक्कड घेऊन, गॅस आपोआप बंद करणाऱ्या सेन्सरच्या दोन तारांकडे वळला. ‘डायरेक्ट कर देता हूँ, फिर कभी नहीं बुझेगा.’ नको म्हटलं, तर ‘आपकी मर्ज़ी’ म्हणून नुसते आल्याचे 300 रुपये घेऊन गेला.

बरोबरच आहे त्याचं. न्हाणीघरात हवा हवीच कशाला? हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, एवढंच. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसला येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. तरी शेजारचे काका छातीठोकपणे सांगणार, ‘वास येत नाही ना? मग झालं तर.’ डोकं जड होतं, पायातलं बळ जातं, आणि दाराला आतून कडी.

अहो, दर थंडीत पेपरात चार ओळी येतात, न्हाणीघरात बेशुद्ध सापडले म्हणून, आणि तरी तुम्ही खिडकीला पुठ्ठा लावता? रक्तातलं हिमोग्लोबिन हा वायू ऑक्सिजनच्या 200 पटीहून जास्त घट्ट धरतं, श्वास चालू असून माणूस गुदमरतो. आणि तुम्हाला काळजी कसली, तर गार वाऱ्याची! गिझर बाहेर गॅलरीत लावा, आत फक्त नळ आणा. सिलिंडर उभाच राहू द्या. सेल नवे घाला. गिझर वरचेवर विझतो म्हणून सेन्सर तोडणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि तो पुठ्ठा काढा आधी. हे वाचणं राहू द्या, उठा.