बटणाचं बारसं

आमच्याकडे बाळाचं बारसं बाराव्या दिवशी, आत्या कानात कुर्रर्र करते, घुगऱ्या वाटल्या की विषय संपला. मला एका बटणाचं नाव बदलायला अकरा आठवडे लागले, आणि घुगऱ्या सोडा, कोणी चहापण नाही पाजला.

झालं असं की व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर, सांभाळायचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघून सुधारू शकतो असं, मी रोज वापरतो (नाव नाही घेत, धर्माची गाय आहे, दात कशाला मोजा). त्यात मशीनचा स्नॅपशॉट काढता येतो, म्हणजे त्या क्षणाचा फोटोच, पुढे काही बिघडलं की परत तिथे जायचं. तर त्या स्नॅपशॉटच्या यादीखाली एक त्रिकोणी बटण होतं, गाणं लावायला असतं ना तसंच, आणि त्यावर माऊस नेला की 'रन स्नॅपशॉट'. शुक्रवारी संध्याकाळी मला वाटलं बघू तरी यात काय आहे. दाबलं. खोका आला, स्नॅपशॉट रन करायचा का, यस की नो. आता असल्या खोक्याला आजवर कोणी नो म्हटलंय? मशीन गपचूप सोमवारी सकाळी जाऊन बसलं आणि मंगळवारपासून घासत आणलेला डेटाबेस साफ. बॅकअपचं कृपया कोणी विचारू नका, घरी विचारून झालंय.

बग टाकला, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे तक्रार नोंदवली. दोन शब्दांत उत्तर, 'पॅचेस वेलकम'. म्हणजे आपल्या भाषेत, एवढी हौस असेल तर दुरुस्ती स्वतः करून पाठव. केलं की! पायथन कोडच्या फाइलमध्ये एका ओळीत ते वाक्य होतं, दहा मिनिटांत बदलून पाठवलं 'रिस्टोअर' असं, आणि तिथून पॅच तपासणाऱ्या सगळ्या आत्या जमा झाल्या.

पहिली आत्या म्हणाली रिस्टोअर नको, ते नाव थोरल्याला दिलंय, सेव्ह करून झोपवलेलं मशीन उठवतो त्याला आपण रिस्टोअर म्हणतो. मग बाकीची असली सॉफ्टवेअरं काय म्हणतात ते बघायला गेलो तर प्रत्येक घरचं वेगळंच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये रिस्टोअर, प्रॉक्समॉक्समध्ये रोलबॅक, व्हीएमवेअरमध्ये रिव्हर्ट, आणि हायपर-व्हीवाल्यांनी तर स्नॅपशॉटलाच चेकपॉइंट करून टाकलंय आणि त्याचं बटण अप्लाय, जसं काही बामच लावायचाय. मग दुसऱ्या आत्याने विचारलं बटणाच्या नावापुढे तीन टिंबं का नाहीत. नियम असा की दाबल्यावर तुमच्याकडून अजून काही भरून घ्यायचं असेल तर टिंबं, नुसतं 'नक्की ना?' विचारायचं असेल तर नाही. या टिंबांवर दोन आठवडे गेले. मी मधे एकदा लिहिलं की मुद्दा टिंबांचा नाहीये, माझे चार दिवस गेलेत, त्यावर कोणीतरी नुसता अंगठा दाखवला.

तसा हा सगळा मोहल्लाच नावं ठेवण्यात कच्चा. लिबव्हर्ट म्हणून अशी मशीनं चालवायचं अजून एक सॉफ्टवेअर आहे, त्याची व्हर्श म्हणून कमांड आहे, तिच्यात मशीनला डोमेन म्हणतात, हे त्याच जातीतल्या झेनच्या काळापासून चालत आलेलं. आणि त्या डोमेनला 'डिस्ट्रॉय' केलं तर काय होतं? काही नाही, मशीन धाडकन बंद पडतं. वायर उपटल्यासारखं, असं त्यांच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय. डिस्क शाबूत, परत स्टार्ट केलं की सुरू. मशीनची नोंदच पुसायची असेल तर त्याला मात्र 'अनडिफाइन', ऐकायला कसं शाळेतल्या गणितासारखं निरुपद्रवी! आमच्या आजीचं बरोबर याच्या उलट. बांगडी फुटली तर वाढली, दिवा विझवला तर वाढवला, दुकान बंद केलं तर तेही वाढवलं. आजीने कमांड लिहिल्या असत्या तर आम्ही रोज रात्री सर्व्हर वाढवून घरी गेलो असतो.

असो. शेवटी 'रिव्हर्ट' ठरलं, तर स्ट्रिंग फ्रीझ लागला. म्हणजे रिलीज जवळ आलंय, भाषांतरवाल्यांची कामं चालू आहेत, आता स्क्रीनवरच्या एका शब्दाला हात लावायचा नाही. पितृपक्षच म्हणा. तो संपला आणि पॅच आत गेला, तर कळलं की मूळ इंग्रजी वाक्य बदललं की सगळ्या भाषांमधल्या त्या ओळीवर 'फझी' असा शेरा बसतो आणि कोणीतरी तपासेपर्यंत तिथे इंग्रजीच दिसतं. इतक्या भाषांचं एकेक वाक्य मी एका झटक्यात घालवलं होतं. निदान आपलं तरी नीट करू म्हणून मराठी फाइल उघडली. जुनं भाषांतर होतं 'स्नॅपशॉट चालवा'. कडेवर घेऊन का बोट धरून ते लिहिलं नव्हतं. गेस्टला, म्हणजे पोटातल्या मशीनला, अतिथी आणि होस्टला, म्हणजे ते ज्याच्या पोटात चालतं त्या कॉम्प्युटरला, अर्थातच, यजमान. आई शेजारी मटार सोलत होती, तिला वाचून दाखवलं, 'यजमान प्रतिसाद देत नाहीत.'

"त्यात काय नवीन," ती म्हणाली, "आमचे पस्तीस वर्षं देत नाहीयेत."

आतून बाबांचा आवाज, "काय म्हणालीस?"

"काही नाही, मटार सोलतीये."

मग तिला स्नॅपशॉटची भानगड समजावली आणि विचारलं याला काय म्हणू. आईने शेंगेवरची नजर न काढता सांगितलं, "मागे जा म्हण, आणि खाली लिही, नंतरचं सगळं जाईल." अकरा आठवड्यांत एका आत्याला हे सुचलं नव्हतं. बटणावर 'स्नॅपशॉटवर परत जा' टाकलं, खोक्यात 'या स्नॅपशॉटनंतर केलेलं सगळं जाईल'.

नवीन व्हर्जन आलं. ऑफिसात मशीनं इंग्रजीतच असतात, त्यामुळे तिथे 'रिव्हर्ट टू स्नॅपशॉट'. माझ्या शेजारचा, ज्याची दहा वर्षं 'काइंडली रिव्हर्ट बाय ईओडी', म्हणजे दिवस संपायच्या आत उत्तर द्या, असल्या मेल वाचण्यात गेलीत, त्या बटणाकडे बराच वेळ बघत बसला. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, "अरे, हा रिप्लाय कोणाला जातो? आणि मी सीसीत आहे का?"