शंभर रुपयांचा माणूस

गेल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, पाचपाखाडीतल्या एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका हातात खारीचा पुडा आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन मी पंचवीस मिनिटे संशयित म्हणून उभा होतो. छत्री उन्हासाठी आणली की परतीच्या पावसासाठी, हे ऑक्टोबर महिन्यात ठाणेकराला स्वतःलाही सांगता येत नाही. पण तोही प्रश्न मला त्या जिन्यात विचारण्यात आला.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन आठवड्यातून एक तास गप्पा मारायच्या, असे काम करणाऱ्या एका संस्थेचा मी स्वयंसेवक आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर पाच महिने मी घरातच गप्पा मारून पाहिल्या. त्यानंतर पत्नीनेच संस्थेचा अर्ज आणून दिला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. प्रशिक्षण दोन दिवसांचे होते. सल्ला देऊ नये, भेटवस्तू घेऊ नये, मालमत्ता, मृत्युपत्र आणि सुना या तीन विषयांना हात लावू नये आणि शक्यतो जोडीने जावे, एवढे त्यात शिकवले. माझ्या जोडीदाराकडे शनिवारी ऐनवेळी पाहुणे आले. म्हणजे ज्यांच्याकडे कोणी येत नाही त्यांच्याकडे जाणे त्याने रद्द केले, कारण त्याच्याकडे कोणीतरी आले. मी मात्र कळव्याहून गाडीत घुसून ठाण्याला उतरलो आणि तीन जिने चढून आजींची बेल दाबली.

आजींचे वय ८३. दुपारी झोपताना त्या कानातले यंत्र काढून ठेवतात आणि वॉकर घेऊन दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागतो, हे मला ठाऊक असल्यामुळे मी दर दोन मिनिटांनी बेल दाबत शांतपणे उभा होतो. तिसऱ्या बेलला दार उघडले, पण ते समोरचे. लाकडी दार उघडले आणि जाळीचे बंदच राहिले, त्यामुळे समोरच्या काकांचा चेहरा मला लहान लहान चौकोनांत विभागलेला दिसला.

"कोण पाहिजे?"

"आजींकडे आलोय."

"नातेवाईक?"

"नाही."

"कुरिअर?"

"नाही. भेटायला आलोय."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. असंच."

"असंच" हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडताच काकांनी जाळीच्या दाराची आतली कडी लावली, हे मला स्पष्ट ऐकू आले.

काका दस्त नोंदणीच्या कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत, ही माहिती मला पुढच्या दोन मिनिटांत न विचारता मिळाली. आयुष्यभर त्यांनी लोकांची खरेदीखते, बक्षीसपत्रे आणि मृत्युपत्रे हाताळली असल्यामुळे, कोणताही मनुष्य दुसऱ्याच्या दारात उभा असला की त्याच्या पिशवीत एक कोरा मुद्रांक असतोच, अशी त्यांची खात्री झालेली आहे. त्यांनी प्रथम मला बिल्डरचा माणूस ठरवले. ती इमारत पुनर्विकासाला जायची आहे आणि संमतीपत्रावर आजींची सही अजून झालेली नाही, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. मी बिल्डरचा माणूस नाही असे सांगितल्यावर त्यांनी मला विमा एजंट करून पाहिले, मग गुडघ्याच्या तेलाचा विक्रेता. प्रत्येक नकाराबरोबर माझी पत घसरत होती. तेलवाला असतो तर निदान माझ्या येण्याला एक सभ्य कारण तरी असते.

शेवटी मी गळ्यातले ओळखपत्र जाळीला लावले. काकांनी चष्मा आणला, तो पुसला, मग वाचला. म्हणजे ओळखपत्र वाचले.

"फोटोत मिशी आहे."

"होती. काढली."

"कधी?"

"गणपतीत."

"गणपतीत लोक दाढीमिशी करून घेतात मान्य आहे, पण समूळ काढत नाहीत. का काढली?"

आता ५७ वर्षांच्या माणसाने आपली मिशी का काढली, याचे कारण तो पत्नीलाही नीट सांगू शकत नाही. मी पांढरे केस, बदल, उकाडा असे काहीतरी पुटपुटलो. काकांनी "हं" केले. ज्याला स्वतःच्या मिशीचा हिशेब देता येत नाही त्याच्यावर एकट्या बाईच्या घरात शिरण्याइतका विश्वास कसा टाकावा, हे त्या "हं"मध्ये पूर्णपणे आले होते.

"२००७ चा कायदा माहीत आहे? ज्येष्ठांचा? कलम २३?"

माहीत होते, कारण प्रशिक्षणात तेही होते. सांभाळण्याच्या अटीवर म्हाताऱ्या माणसाने मालमत्ता लिहून दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर न्यायाधिकरणाला तो व्यवहार रद्द ठरवता येतो. मी हे घडाघडा म्हणून दाखवले आणि तीच माझी मोठी चूक ठरली, कारण नुसत्या गप्पा मारायला येणाऱ्या माणसाला बक्षीसपत्राचे कलम तोंडपाठ असावे यापेक्षा संशयास्पद दुसरे काय असू शकते? काका म्हणाले, "मी १४५६७ ला फोन लावतो." मी म्हणालो, "लावा. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा हा नंबर आम्हालाही पाठ करायला लावलाय." त्यावर त्यांनी फोन खिशात परत ठेवला, माझ्या ओळखीच्या ठिकाणी तक्रार करण्यात त्यांना अर्थ वाटला नाही.

इथपर्यंत मी हसत होतो. पण जिन्यात पंखा नव्हता, खारी पुड्यातच मऊ पडत चालली होती आणि मला आजींच्या मुलाची आठवण झाली. मुलगा अमेरिकेत असता तर मी काही म्हणालो नसतो. तो खारघरला राहतो. ठाण्याहून पनवेलला जाणारी लोकल खारघरला थांबते, मध्ये गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. तो गणपतीला आला होता, दिवाळीला येणार आहे, आणि काकांनी त्याला कधी जिन्यात अडवल्याचे ऐकिवात नाही. न येणाऱ्याला ओळखपत्र लागत नाही; मिशीचा खुलासा येणाऱ्यानेच करायचा.

"तुम्ही जाता का हो आजींकडे?" मी विचारले. प्रश्न प्रशिक्षणाच्या विरुद्ध होता.

"आमचं बोलणं नाही," काका तितक्याच शांतपणे म्हणाले. "२०१९ पासून. ते बघा." आणि त्यांनी जाळीतून बोट बाहेर काढून आजींच्या दाराशेजारचे चपलांचे लाकडी कपाट दाखवले. कपाट सामाईक जागेत नऊ इंच पुढे आले आहे. त्या नऊ इंचांवरून सोसायटीच्या दोन वार्षिक सभा झाल्या, इतिवृत्तात नोंदी झाल्या आणि तेव्हापासून चार पावलांवर राहणारी दोन माणसे एकमेकांशी अवाक्षर बोललेली नाहीत. आज त्या कपाटात आजींच्या चपलांचा एकच जोड असतो.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पत्नीपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांनी मला विचारून झाला आहे. "पण यातून तुम्हाला मिळतं काय?"

"समाधान."

काका वाट पाहत राहिले. "समाधान. आणि?"

मी त्यांना सांगितले की ब्रिटनने २०१८ मध्ये एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, जपाननेही २०२१ मध्ये नेमला, हा विषय जगभर किती गांभीर्याने घेतला जातो आहे वगैरे. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मंत्र्याला पगार असतो ना?"

त्या क्षणी माझ्यातला स्वयंसेवक संपला. घामाने निथळत मी म्हणालो, "शंभर रुपये मिळतात. एका भेटीचे."

आणि चमत्कार झाला. कडी निघाली, जाळी उघडली आणि काका सलग एका तुकड्यात माझ्यासमोर उभे राहिले. "मग असं आधी सांगायचं ना, साहेब! उगाच संशय आला." पुढची पाच मिनिटे ते शंभर रुपये कसे कमी आहेत, रिक्षाचे भाडे वजा जाता हातात काय उरते आणि मी संस्थेकडे दीडशे कसे मागावेत, हे कळकळीने समजावत होते. पाणीसुद्धा विचारले त्यांनी. गेला दीड महिना मी तिथे फुकट येत होतो हे त्यांना कळले असते, तर त्यांनी नक्की पोलीस बोलावले असते.

इतक्यात आजींनी दार उघडले. काकांना त्यांच्याशी बोलायचे नसल्यामुळे, आजी समोर उभ्या असताना ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्यांना सांगा, माणूस चांगला आहे. शंभर रुपये घेतो." आजींनी नेमके तेव्हाच कानातले यंत्र लावलेले होते.

आत एक काम होते. आजींना यजमानांच्या मागे रेल्वेचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी आपण अजून जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावे लागते. एरवी त्यासाठी नोव्हेंबर असतो, पण ८० च्या पुढच्यांना सरकारने १ ऑक्टोबरपासूनच जिवंत असण्याची मुभा दिली आहे. बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्र अंगठा घेत नाही, म्हणून मोबाइलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला काढायचे ठरले होते. त्यात मोबाइल डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो. पण फोटो काढताना डोळे मिटायचे नाहीत, असे आजींना जन्मभर बजावण्यात आले होते. त्या मोबाइलकडे डोळे वटारून पाहत होत्या आणि सरकार त्यांना जिवंत मानायला तयार नव्हते. सहाव्या प्रयत्नाला, कानातल्या यंत्रापर्यंत पोहोचावे म्हणून मी ओरडलो, "डोळे मिटा आजी! एकदाच मिटा, की संपलं!"

दारावर धाडधाड थापा पडल्या. मी दार उघडले. काका उंबऱ्यापर्यंत आले, आजी जिवंत आहेत याची डोळ्यांनी खात्री करून घेतली, "साक्षीदार लागले तर सांगा" असे मला उद्देशून म्हणाले आणि जाताना कपाटाला पाय लागल्यामुळे पुन्हा रागावून निघून गेले. पुढच्या प्रयत्नात दाखला निघाला, कारण त्या थापांनी दचकून आजींच्या डोळ्यांची उघडझाप अजून चालू होती.

मी निघायला उठलो. आजवर आजी मला खुर्चीतून हलू देत नसत. काचेच्या कपाटातला कप माझ्यासाठी बाहेर निघे, चिवडा निघे, आणि मीही पाहुण्यासारखा अवघडून, अंगात कांजी घातल्यासारखा बसत असे. त्या दिवशी मात्र चहा रोजच्या स्टीलच्या पेल्यात आला होता. हे आपलेपणाचे लक्षण की नोकरी लागल्याचे, याचा मी विचार करत होतो तेवढ्यात आजी म्हणाल्या, "कुठे निघालात? अजून वीस मिनिटं आहेत तुमची. माळ्यावरचे पितळी डबे काढून द्या. दिवाळी आली."

मी स्टुलावर चढलो. डबे खाली देता देता मी त्यांना खरे काय ते सांगितले, की मला एक पैसाही मिळत नाही, शंभर रुपये मी काकांच्या तोंडावर फेकलेली थाप होती.

"असू दे हो," आजी डबा फडक्याने पुसत म्हणाल्या. "सगळे असंच म्हणतात. घामाचे पैसे घ्यायला लाजायचं कशाला?" दीड महिन्यात मी त्यांना इतके मोकळे कधी पाहिले नव्हते. त्यांनी मला माळ्याचा डावा कोपराही झाडायला लावला.

येत्या शनिवारी पंखे पुसायचे आहेत. पाच म्हणजे ठोक पाचला यायचे आहे, आणि जिन्यात वाया गेलेली पंचवीस मिनिटे आजींनी माझ्या नावावर मांडून ठेवली आहेत.