कोणता सोडू?

आमच्या वेळी मुंबई विद्यापीठात एफ.वाय.बी.एस्सी.ला तीन विषय, एस.वाय.ला दोन आणि टी.वाय.ला एक. दर वर्षी एकेक विषय हातातून काढून घ्यायचे आणि शेवटी जो उरेल, त्यात आपण तज्ज्ञ.

फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सपैकी मला केमिस्ट्री सोडायची होती. नेमकं सांगायचं तर ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनच्या संयुगांची. इनऑरगॅनिकशी वैर नव्हतं. परीक्षानळीत तपकिरी कडं दिसलं की नायट्रेट, सडक्या अंड्यांचा वास आला की सल्फाइड. नाक-डोळे शाबूत असले की निभतं. ऑरगॅनिक मात्र तर्काचा आव आणून पाठांतर मागतं. एसएन-वन नावाच्या अभिक्रियेत आधी एक गट बाहेर पडतो, मग दुसरा येतो. एसएन-टूमध्ये एक शिरतो तेव्हाच दुसरा निघतो. दादरला लोकलच्या दारात उभं राहिलेल्याला एवढं कळतं. पण मग कार्बोकॅटायन, म्हणजे धन प्रभार असलेला कार्बनचा आयन, मधेच स्वतःची पुनर्रचना करतो आणि आपलं पानभर उत्तर बाद! केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला म्हणे डुलकीत स्वतःची शेपटी धरलेला साप दिसला आणि १८६५ साली त्याने बेंझिनची कड्यासारखी रचना मांडली. माझं उलटं. बेंझिन दिसलं की डुलकी.

घरी विषय काढला. मावशी म्हणाली, "केमिस्ट्रीला स्कोप आहे."

"आणि मॅथ्सला?"

"शिकवण्या."

"फिजिक्सला?"

"त्याही शिकवण्याच."

बाबांनी रोहा, महाड, लोटे अशा केमिकल कारखान्यांच्या एमआयडीसी म्हणून दाखवल्या. उत्तरेकडून दक्षिणेकडे, क्रम अगदी बरोबर. आईचा मुद्दा निराळाच होता. "नवा एप्रन शिवलाय, त्याचं काय करू?" फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला एप्रन लागत नाही, ही माहिती तिने माझ्या मैत्रिणीकडून आधीच काढली होती.

तुला केमिस्ट्रीत आवडतं काय, हे फक्त आजीने विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "टायट्रेशन." खरंच आवडायचं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत राहायचं आणि एका थेंबाला फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी होतं. (थेंब जास्त पडला की राणी कलर, मग पुन्हा श्रीगणेशा.) तीन रीडिंगं जुळली की जे समाधान मिळतं, ते फिजिक्समध्ये कुठलं! तिथे लंबकाचे झोके मोजताना सतराव्याला कुणीतरी हाक मारतं.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी ऑफिसच्या खिडकीपाशी पोचले तरी ती चौकट कोरीच होती. आतल्या काकांना विचारलं, "काका, मुलं जास्त करून काय सोडतात?"

मान वर न करता ते म्हणाले, "पेनाची टोपणं. चल, आटप."

मागची रांग ढकलत होती. मी मॅथ्सवर काट मारली.

घरी येऊन आईला सांगितलं. ती जराशी गप्प झाली, मग म्हणाली, "आणि आता त्या कंपासपेटीचं काय करायचं?"