तटस्थता दिल्लीची, मिझोरामची नव्हे

म्यानमारच्या यादवीवरच्या लेखातलं ‘भारत पहिल्यापासून तटस्थ राहिला’ हे वाक्य काही पटलं नाही. कुठला भारत? डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत म्यानमारवरच्या ठरावाला रशिया-चीनसोबत मतदान टाळणारा, की मिझोराममधला? म्यानमारमधल्या लष्करी उठावानंतर लोक सीमा ओलांडू लागले, तेव्हा मार्च २०२१ मध्ये केंद्राने ईशान्येच्या चार राज्यांना लिहिलं, घुसखोरी थांबवा, निर्वासित ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. त्यावर मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी आठवड्याभरात थेट पंतप्रधानांना पत्र धाडलं की ही आमची रक्ताची माणसं आहेत, पाठ फिरवता येणार नाही. सीमेपलीकडचे चिन आणि इकडचे मिझो एकाच गोतातले, हे लेखात एका ओळीनेही येऊ नये?

२०२३ च्या सुरुवातीला मिझोराममधल्या चंफाईहून सीमेवरच्या झोखावथार गावी गेलो होतो. सीमा म्हणजे तिआऊ नदी, आपल्याकडच्या ओढ्यापेक्षा थोडी मोठी. पुलावरून बायका पाठीवर टोपल्या घेऊन ये-जा करत होत्या. ज्या घरी जेवलो तिथे पलीकडची दोन मुलं राहत होती, कोण म्हणून विचारलं तर मालकीणबाई म्हणाल्या, “भाचे.” खरे भाचे की कसे, ते मी विचारलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात समोरचं रिखावदार चिन बंडखोरांनी घेतलं आणि म्यानमारचे सैनिकच पळून मिझोराममध्ये आले. त्यांना मात्र आपण लगोलग हेलिकॉप्टरने मणिपूरच्या सीमेवरच्या मोरेला नेऊन परत दिलं.

बाकी म्यानमारमधून मिझोरामपर्यंत जलमार्ग आणि रस्ता नेणाऱ्या भारताच्या कलादान प्रकल्पाबद्दल लेखात लिहिलंय ते बरोबर. पण त्या मार्गावरचं पलेटवा हे गाव जानेवारी २०२४ पासून अराकान आर्मी या बंडखोर गटाकडे आहे. मग बोलणी नेपिडोशी, म्हणजे म्यानमारच्या राजधानीतल्या सरकारशी, करून काय उपयोग?