‘मिरची चावा, पण गाडी थांबवू नका’: एका घातक सल्ल्याला उत्तर

गाळप हंगाम सुरू झाला की ‘रात्रीच्या चालकांसाठी रामबाण उपाय’ हा संदेश सोलापूर जिल्ह्यात व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. यंदा तो मंगळवेढ्याकडे ऊस वाहणाऱ्या माझ्या भाच्याला खुद्द त्याच्या ट्रॅक्टरमालकाने पाठवला आणि भाच्याने ‘मामा, हे खरं का?’ म्हणून मला. संदेश सांगतो : काच उघडा, गाणी मोठ्याने लावा, हिरवी मिरची चावा, चहा प्या, मात्र गाडी थांबवू नका, कारण थांबले की झोप अनावर होते, आणि खेड्यातल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर डुलकी लागतच नाही.

खड्ड्यांचे सोडा, मंगळवेढ्याचा महामार्ग चौपदरी झाला आहे. ट्रॅक्टरला काच कुठली, हेही लेखकाला सुचलेले नाही. वारा आणि गाण्यांची परीक्षा मात्र हॉर्न आणि रेनर या ब्रिटिश संशोधकांनी १९९८ मध्येच घेतली : अपुरी झोप झालेल्यांना गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर (सिम्युलेटरवर) बसवून पाहिले, तेव्हा थंड वाऱ्याचा उपयोग जवळजवळ झाला नाही आणि रेडिओचा झाला तो थोडा, तोही मुख्यतः पहिल्या अर्ध्या तासात. थांबण्याची जागा गाठेपर्यंतचा तात्पुरता आधार, एवढीच किंमत त्यांनी या उपायांना दिली. मिरचीने तर जीभ पोळते आणि समोरून प्रखर दिव्यांची गाडी येत असताना डोळ्यांत पाणी येते.

सर्वांत घातक आहे ते ‘थांबू नका’. डुलकी लागल्याचे चालकाला अनेकदा कळतही नाही. ताशी ८० किलोमीटरने धावणारी जीप तीन सेकंदांच्या डुलकीत सुमारे ६७ मीटर जाते. ताशी २० किलोमीटरचा ट्रॅक्टर जेमतेम १७ मीटर जाईल, पण दोन भरल्या ट्रॉल्यांसह साइडपट्टीवरून चारीत उतरायला तेवढे पुरेसे आहे.

चहाचे अर्धसत्य मान्य करावे लागते. कॅफिनचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो आणि कटिंगमध्ये ते असते थोडेच. म्हणून चहा घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपावे, उठल्यावर अंगाची सुस्ती जाऊ द्यावी, मगच चाक हाती घ्यावे. अंधारात रस्त्याच्या कडेला ट्रॉली उभी करणे धोक्याचे, हेही खरेच. त्यासाठी पेट्रोल पंप किंवा ढाब्याचे आवार गाठावे.

अर्थात, कारखान्याच्या यार्डात ऊस उतरवण्याच्या नंबराची रात्रभर वाट पाहिलेल्या चालकाला पहाटे पुन्हा उसाच्या फडावर धाडायचे असेल, तर मालकाला हा संदेश फुकटात पडतो. बदली चालकाला मात्र हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, द्यावी लागते.